अलेप्पीची दोन तिकिटं

आक्का,

तू गेल्यावर प्रकाशनं मला पेपरात द्यायचा मजकूर लिहायला सांगितला. म्हणाला, काकू, तुम्ही शाळेत बाई होता, आईबद्दल तुम्हीच लिवा. मी चार ओळी लिहून दिल्या. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. तुझ्या फोटोखाली ते छापून आलं. सकाळी वाचलं तर कुणा परक्या बाईबद्दल वाचतेय असं वाटलं. मनमिळाऊ तू कधी होतीस गं? अडतीस वर्षं आपण एकमेकींच्या जावा होतो आणि त्यातला एक आठवडा आपण भांडल्याशिवाय गेला नाही.

तू ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणायचीस आणि मी तुला दुरुस्त करायची. आक्का, बाईनं ‘मी जाते’ म्हणावं. तू म्हणायचीस, “आमच्याकडं बाई बी जातो आन् बुवा बी जातो. तुझ्या पुस्तकातली जाते, तिला जाऊ दे.” हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. आता मिटवायला तू नाहीस, आणि माझ्या तोंडी परवा चुकून ‘मी येतो’ आलं. आमचे हे माझ्याकडे बघत राहिले.

म्हणून पुन्हा लिहायला बसले आहे. त्या चार ओळींत तू नव्हतीस. आणि त्या चार ओळींत मीही नव्हते. मी काय केलं ते त्यात कुठंच नव्हतं.

बेळगावात, वडगावच्या त्या घरात मी लग्न करून आले तेव्हा पुढच्या खोलीत दोन माग होते, आणि त्यांच्या खडखडाटात घरातलं बोलणं सगळं मोठ्यानं चालायचं. मला शाळेत नोकरीचं पत्र आलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ही शाळेत गेली तर कांड्या कोण भरणार? मागासाठी रोज सुताच्या कांड्या भरायच्या असत, अर्ध्या तुझ्या, अर्ध्या माझ्या. मी रडत बसले होते. तू भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणालीस, “तिच्या बी मी भरतो. जाऊ दे तिला.” पुढं सोळा वर्षं, आम्ही टिळकवाडीत राहायला येईपर्यंत, तू माझ्या वाटणीच्या कांड्या भरल्यास. त्या दिवसापासून तू मला नावानं हाक मारली नाहीस. ‘बाई’ म्हणायला लागलीस. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

मी त्याच्या बदल्यात तुला काय दिलं? वाचायला शिकवलं. तेही तू मागितलंस म्हणून. चौथीतून तुझी शाळा सुटली होती, अक्षरं ओळखायचीस, पण ओळ लागत नव्हती. मी शाळेतून भूगोलाचं पुस्तक आणायची आणि चूल आवरल्यावर आपण दोघी स्वयंपाकघरात ते उघडून बसायचो. त्यात केरळातल्या अलेप्पी शहराचं चित्र होतं. घराच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या, पायरीला होडी बांधलेली, होडीत नारळ. दोनशे वर्षांपूर्वी एका दिवाणानं बंदरातला माल ने-आण करायला गावातून कालवे खणून घेतले, असं खाली लिहिलं होतं. तू एकेका अक्षरावर बोट ठेवत ते सगळं वाक्य एकटीनं वाचलंस. न अडखळता वाचलेलं ते तुझं पहिलं वाक्य. मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं, तर तू विचारलंस, “रस्त्याच्या जागी पानी म्हंजे मयत कसं नेत्यात गं? होडीतनं?”

मी पानाच्या दोन्ही बाजू शोधल्या, तिथं ते नव्हतं. तू चिडलीस. म्हणालीस, पुस्तकात जे पाहिजे ते लिहीत नाहीत.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. शाळेत निरोपसमारंभ झाला, हार, शाल, नारळ, भाषणं. तू मागच्या खुर्चीत बसली होतीस. घरी येताना रिक्षात म्हणालीस, आता तुला सुट्टीच सुट्टी, तर मला एकदा रेल्वेतनं कुठंतरी ने. सहासष्ट वर्षांची तू, कोल्हापूरच्या पुढं गेली नव्हतीस, आणि तेही बसनं. मी म्हटलं, काशीला जाऊ. नको. रामेश्वर? नको. “देव हितं बी हाईत. त्ये कालव्याचं गाव हाय न्हवं, तिकडं जाऊ. आन् तिथं काथ्याचं बी माग असत्यात म्हनं. काथ्या कसा इनत्यात ते बघायचंय मला.”

तेव्हापासून तू दर गुरुवारी टिळकवाडीला माझ्याकडे यायचीस आणि आपण सहलीची आखणी करायचो. चार दिवसांची सहल, आणि आखणी तीन महिने चालली. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी बेळगावातून जाणारी गाडी. लोंढा, मग घाट, दुधसागरचा धबधबा खिडकीतून दिसणार, मग मडगाव, आणि पुढं समुद्राच्या कडेकडेनं दुसऱ्या दिवशी एर्नाकुलम. तिथून दुसऱ्या गाडीनं तासा-दीड तासात अलेप्पी. एक मुक्काम आणि परत. मी वहीत लिहायची आणि तू खोडायला लावायचीस. भाकऱ्या किती, यावर आपण दोन गुरुवार भांडलो. तुझं म्हणणं, चार दिवसांच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी इथूनच न्यायची, तिथलं नारळाच्या तेलातलं खाऊन आपल्याला काहीतरी होईल. परक्या माणसांसमोर आडवं कसं व्हायचं, हा दुसरा प्रश्न. मी सांगितलं, सगळेच आडवे होतात. तू म्हणालीस, तू हो, मी बसून येईन. मग म्हणालीस, खालची जागा मिळाली तर बघू.

तिकीट मोबाइलवर काढू म्हटलं तर तुला हातात कागद हवा होता. म्हणून गणपती झाल्यावर आपण स्टेशनच्या खिडकीवर गेलो. मी मराठीत विचारलं, आतल्या माणसानं कन्नडमध्ये उत्तर दिलं. मी पुन्हा मराठीत. त्यानं पुन्हा कन्नडमध्ये. मला कन्नड येतं हे तुला माहीत होतं. नोकरीभर कागदपत्रं कन्नडमध्ये केली मी. पण खिडकीवर बोलायचं नाही, हा माझा हट्ट. मागं रांग कुरकुरायला लागली तशी तू मला कोपरानं बाजूला केलंस आणि खिडकीशी वाकून त्याच्याशी कन्नडमध्ये असं काही बोललीस की तो हसायला लागला. त्यानं दोन्ही खालच्या जागा दिल्या. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, “बाई, तुला शीट पायजे हुती का भांडान?” मी दुसऱ्या दिवसापर्यंत तुझ्याशी बोलले नाही.

तिकीट तू माझ्याकडे ठेवायला दिलंस. तुझ्या घरात नातवंडं कागद फाडतात म्हणून. माझ्याकडे ते सुरक्षित राहील, असं तुला वाटलं.

दसऱ्याला तुझे डोळे पिवळे दिसायला लागले. साधी कावीळ म्हणून आपण आठ दिवस घालवले. मग तपासण्या, मग स्वादुपिंडातली गाठ. दवाखान्यात प्रकाश आणि मी. नळी घालून कावीळ उतरवली, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे तू पहिल्यासारखी झालीस. जेवायला लागलीस. मागाशी जाऊन तुटलेले धागे जोडायला लागलीस. आजार काय आहे ते तुला आम्ही सांगितलं होतं, तू ऐकून घेतलंस, आणि पहिला प्रश्न विचारलास, “मग अलेप्पीला जाऊन येऊन सुरू करायचं औषिद, का आधी?”

केमोची पहिली तारीख गाडीनंतर दोन दिवसांनी होती. मी प्रकाशला म्हटलं, उपचार चुकवून चालणार नाही. तोही हो म्हणाला. पण तुला तसं सांगायचं धाडस मला झालं नाही. तू हट्ट धरला असतास. म्हणून मी एकटी स्टेशनवर गेले, तेच तिकीट त्याच खिडकीतून आत सरकवलं आणि रद्द करून आणलं. तोच माणूस होता. त्यानं ओळखलं. दुसऱ्या बाई कुठं, असं विचारलं त्यानं, कन्नडमध्ये. या वेळी मी कन्नडमध्ये उत्तर दिलं. म्हटलं, घरी आहेत.

मग वडगावला येऊन तुला सांगितलं की घाटात रुळांचं काम निघालंय, त्या रविवारची गाडीच रद्द झालीय. प्रकाशलाही तेच सांगितलं.  तू म्हणालीस, रेल्वेचं बी आपल्या मागासारखंच, कवा बंद पडंल सांगता येत न्हाय. मला हायसं वाटलं. खोटं इतक्या सहज पचलं म्हणून हायसं वाटलं.

त्यानंतर तू दहा आठवडे होतीस. पहिल्या केमोनं तुला झोपवलं, दुसऱ्यानं उठू दिलं नाही. जानेवारीत एका दुपारी, मी तुझ्या तोंडात चमच्यानं पाणी घालत असताना, तू पाणी गिळायचं थांबलीस. प्रकाश बाहेर कुणाशी तरी बोलत होता. मी त्याला हाक मारायला उठले आणि चमचा हातातच राहिला.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मला अन्न जात नव्हतं. आमचे हे म्हणाले, तू जिवंतपणी तिचं जेवढं केलंस तेवढं कुणी केलं नसतं. सगळेच तसं म्हणत होते. ते ऐकवेना म्हणून मी परवा वडगावला गेले, प्रकाशला बाजूला घेतलं आणि सांगितलं की गाडी रद्द झाली नव्हती, तिकीट मी रद्द केलं.

तो म्हणाला, “मला म्हाईत हाय, काकू.”

मग त्यानं सांगितलं ते असं. त्या रविवारी तू पहाटे उठलीस, आंघोळ केलीस आणि सहलीसाठी आपल्याच मागावर विणून ठेवलेली जांभळ्या काठाची साडी नेसलीस. प्रकाशला म्हणालीस, सहल ऱ्हायली तर ऱ्हायली, साडी तरी बाईला दाखवून येऊ. तो तुला स्कूटरवरून माझ्याकडे आणत होता. वाटेतलं रेल्वे गेट बंद होतं. तुम्ही थांबलात. गाडी आली, स्टेशन सोडून नुकतीच निघालेली, सावकाश. डब्यांवर पाट्या होत्या. तू मागं बसून पाटी वाचलीस. पुणे, एर्नाकुलम. एका डब्यावर वाचलीस, पुढच्यावर वाचलीस, तिसऱ्यावरही वाचलीस. प्रकाश म्हणाला, ही दुसरी असंल. तू म्हणालीस, दुसरीच असंल. गेट उघडलं. पुढं आल्यावर तू त्याला स्कूटर थांबवायला सांगितलंस आणि म्हणालीस, काकूला यातलं काय बी बोलायचं न्हाय, माझी शपथ हाय.

आणि तिथून तू माझ्या घरी आलीस.

आक्का, ती सकाळ मला आठवते. तू साडी दाखवलीस. मी काठाला हात लावून बघितला. चहा केला. तू खुर्चीत बसली होतीस, नेहमी पाटावर बसायचीस ती त्या दिवशी खुर्चीत. पाऊण तास बसलीस. मी एकसारखी बोलत होते. रक्ताच्या तपासणीबद्दल, केमोच्या दिवशी काय खायचं त्याबद्दल, केस गेले तर पुन्हा येतात त्याबद्दल. आणि मी म्हणाले, तुझ्या तोंडावर म्हणाले, “गाडी रद्द झाली ते एका अर्थी बरंच झालं, आक्का. तुला झेपलं नसतं.”

तू कपातलं बघत म्हणालीस, “व्हय. बरं झालं.”

ती गाडी तुझ्या डोळ्यांसमोरून जाऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. तू ज्या डब्यात बसणार होतीस तो डबाही तुझ्या समोरून गेला असेल. आणि मी ज्या बाईला वाचायला शिकवलं तिला, तिनं वाचलेलं खोटं आहे, असं सांगत बसले होते.

त्या दिवसानंतर तू पुन्हा कधी सहलीचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, आजारपणात विसरलीस. मीच आपली तुझ्या उशाशी कॅलेंडर घेऊन बसायची. म्हणायची, फेब्रुवारीत जाऊ, ऊनही कमी असेल, तोवर तू उठशील. मी तारखा वाचून दाखवायची. तू माझ्याकडे बघायचीस आणि म्हणायचीस, “बघू की.” किती वेळा म्हणालीस. त्यातल्या एकाही वेळी मला काही कळलं नाही. मुलांच्या डोळ्यांकडे बघून कोण खोटं बोलतंय ते सांगणारी बाई मी.

तू का बोलली नाहीस? प्रकाशला वाटतं, तू मला माफ केलंस. तुम्हाला त्रास होईल म्हणून आईनं सोसलं, असं तो म्हणतो. मला तसं मानता येत नाही. तू सोसून घेणाऱ्यातली नव्हतीस. भाकऱ्यांच्या संख्येवरून तू पंधरा दिवस भांडलीस माझ्याशी, आणि इतकं मोठं सोडून दिलंस? त्या पाऊण तासात तू मी सांगेन म्हणून थांबली होतीस का? की एवढी आजारी झालीस की भांडायलाही आपल्यात काही उरलं नाही, असं तुला वाटलं? की मी तुझ्या मनातून त्या दिवशीच उतरले, आणि पुढचे दहा आठवडे तू परक्या बाईच्या हातून पाणी पीत होतीस? यातलं खरं काय ते मला कधीच कळणार नाही. मी रोज ती सकाळ पुन्हा मांडते, चहाचा कप तुझ्या हातात देते, आणि या वेळी सांगायचं असं ठरवते, आणि तू पुन्हा उठून जातेस.

अजून एक राहिलं आहे. ते प्रकाशलाही माहीत नाही.

परवा मी निघाले तेव्हा तो मला दारापर्यंत सोडायला आला. त्याचे डोळे लाल झाले होते. माझा हात धरून म्हणाला, “काकू, डाक्टरांनी न्हाय म्हटलं असंल न्हवं? त्यांनी न्हाय म्हटलं म्हनूनच तुम्ही तिकीट रद्द केलं असणार.” त्याला मला वाचवायचं होतं. तुझाच मुलगा. आणि मी मान हलवली. हो म्हणून.

डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं. तुला आधी सांगते, मग त्याला. प्रकाश औषधं आणायला खाली गेला होता, तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी डॉक्टरांना विचारलं, असं असं आहे, तिकिटं काढलीत, काय करू. ते म्हणाले, “उपचार पंधरा दिवस उशिरा सुरू केले तरी फार फरक पडणार नाही. हा आजार जाणारा नाही. आत्ता त्यांच्या अंगात ताकद आहे. घेऊन जा. नंतर जमणार नाही.”

मी म्हणाले, बघते.

बाहेर आले तर तू विचारलंस, काय म्हणाले? मी म्हटलं, औषध लवकर सुरू करू म्हणाले.

मला भीती वाटली, आक्का. गाडीत तुला काही झालं तर? ज्या गावची भाषा येत नाही तिथं, अनोळखी माणसांत, मी तुला घेऊन एकटी काय करणार, प्रकाशला फोनवर काय सांगणार, लोक काय म्हणतील, सासरची माणसं मला काय म्हणतील, असं सगळं दवाखान्याच्या त्या खोलीतच माझ्या डोक्यात येऊन गेलं. तुला काय हवंय ते मात्र आलं नाही. तू सोळा वर्षं माझ्या कांड्या भरल्यास आणि मला तुझ्याबरोबर चार दिवस घाबरता आलं नाही.

एकदा माझ्यावर ओरडायचं होतंस गं. त्या सकाळी कप आपटून उठून जायचं होतंस. मी तुझ्या मागं आले असते.

उद्या मी वडगावला जाणार आहे. प्रकाश मागावर असेल. त्याला आधी माग बंद करायला सांगेन. त्या आवाजात त्याला नीट ऐकू येणार नाही, आणि हे मला दुसऱ्यांदा सांगता येणार नाही.